पाझर तलावातला जलव्याल

[दृश्य: पाझर तलावाचा काठ, पाण्याखाली हायड्रिला ही पाणवनस्पती]

जेलीफिश पाहायची तर मराठवाड्यातून कोकण गाठावं लागतं. तिचा गोड्या पाण्यातला भाऊबंद मात्र तळ्यात, जुन्या विहिरीतही भेटू शकतो. पुस्तकात तो जलव्याल, लॅबमध्ये सगळ्यांच्या तोंडी हायड्रा. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये दोघांना ग्रीक पुराणातली सापांची नावं दिली: जेलीफिशला मेडुसा, केसांच्या जागी साप असलेली, आणि याला अनेक तोंडांचा पाणसर्प. नाव एवढं दांडगं, अंगकाठी ताणून सेंटिमीटरभर!

हिवाळ्यात, पाणी नितळ असताना, हायड्रिलाच्या दोन-चार फांद्या अलगद तोडा आणि तळ्याच्याच पाण्यात, काचेच्या बरणीत ठेवा. लगेच शोधाल तर काही दिसणार नाही, कारण धक्का लागला की हायड्रा आकसून नुसता ठिपका होतो. बरणी खिडकीपाशी, पण उन्हापासून लांब, रात्रभर न हलवता राहू द्या. सकाळी उजेडाकडच्या काचेवर भिंग धरा.

[दृश्य: भिंगातून, शुंडकं, म्हणजे तोंडाभोवतीचे बारीक हात, पसरलेली]

पाणपिसू, म्हणजे पाण्यातला एक बारीक जीव, शुंडकाला नुसती टेकली, की दंशपेशीतला धागा सुटतो. त्यातला काटा सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात घुसतो. धडपड थंडावते. जखमेतून झिरपणाऱ्या ग्लुटाथिओन या रसायनाची चाहूल लागताच तोंड उघडतं आणि पिसू अख्खी आत जाते. उरलेलं कवच त्याच तोंडातून परत, दुसरी वाट नाहीच.

जेलीफिशही लहानपणी बहुधा अशीच तळाला चिकटून असते, मग तिची छत्री सुटी होते. हायड्राला जन्मभर छत्री नाही. पोटभर खाल्लं की बाजूला कोंब फुटतो, तीन-चार दिवसांत वेगळा होतो. हेच मुकुलायन.

पाळताना घात होतो तो तांब्यामुळे. तांब्याची कळशी वापरू नका. मोसंबीच्या बुंध्याला लावलेल्या बोर्डो पेस्टमध्ये मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, असतं. ते धुपून ज्या तळ्यात उतरतं, तिथे शोधण्यात वेळ घालवू नका. नळाचं पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवूनच घ्या, क्लोरिन उडू द्या.

हायड्राची जागा बदलताना ड्रॉपरने बुडाशी पाण्याची हलकी पिचकारी मारा, सुटला की झटकन ओढा आणि लगेच सोडा. रेंगाळलात तर तो ड्रॉपरलाच चिकटतो. उरलेलं खाणं त्याच दिवशी काढा. ते कुजलं की शुंडकं आखूड होतात, अंगाचा गोळा होतो. असं दिसलं तर खाऊ घालणं थांबवून आधी पाणी बदला.