चिऱ्याचं घर, पैऱ्यावर

(फाउंड्री. लोखंड ओततानाचा शॉट. मूळ आवाज थोडा वेळ तसाच ठेवायचा, मग निवेदन.)

हे उद्यमबाग. बेळगावातनं खानापूर रोडला लागलं की लागतंच. पंपाच्या बॉड्या, हायड्रॉलिकचे पार्ट, गाड्यांचं कास्टिंग, सगळं या शेडांमधनं बाहेर पडतं, आणि या शेडांवर खानापूर तालुक्यातल्या कितीतरी पोरांची घरं चालतात. आपला पोरगा त्यातलाच, वय 24, मोल्डिंगला आहे. सकाळची बस धरायची, दिवसभर रेती आणि धग, संध्याकाळी परत. स्वतःचं घर बांधायचं म्हणून तो आधी एका बँकेत गेला होता, तिथं सॅलरी स्लिप मागितली, हा कॉन्ट्रॅक्टवर, स्लिप आणणार कुठनं, विषय तिथंच संपला. मग घर बांधायला कर्ज देणाऱ्या एका संस्थेच्या यादीत त्याचं नाव लागलं.

(कट. गाव. चिऱ्यांची रास, मग हातांचा क्लोजअप.)

आता हे बघा. हा चिरा. जांभा दगड. खाणीतनं काढतात तेव्हा मऊ असतो, नीट कापता येतो, आणि नंतर हवा लागून लागून घट्ट होत जातो. त्यामुळे इकडं जाणती माणसं नुकताच काढलेला चिरा लगेच भिंतीत घालत नाहीत, आधी सुकू देतात. रंग बघा काय सुंदर आहे, कॅमेऱ्यात अजून नीट आला नाही खरं तर.

पाऊसही तसाच आहे इकडचा. वर कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, त्या सगळ्या पट्ट्यात मिरगापासनं जो धरतो तो सोडतच नाही. मातीच्या भिंती किती टिकणार? 2019 च्या ऑगस्टात बेळगाव जिल्ह्यात पुरानं आणि पावसानं घरंच्या घरं बसली, त्यात या पोराच्या घराची मागची भिंतपण गेली. त्यानंतर ताडपत्री.

(भिंतीचं काम. दोरी, ओळंबा, थापी. हा भाग लांब ठेवायचा.)

ही जी पोरं चिरे उचलतायत ना, ती मजुरीवर आलेली नाहीत. गवंडी तेवढा पगारी, बाकी सगळे याच संस्थेच्या यादीतले, कुणाचं घर झालंय, कुणाचं व्हायचंय. नियमच असा की स्वतःच्या घराचा पाया खणायच्या आधी दुसऱ्याच्या घरावर राबायचं, आणि ते तास वहीत लिहून सही घ्यायची. आपल्या पोरानं आठवड्याच्या सुट्ट्या अशाच घालवल्या, कुणाचा चौथरा भर, कुणाच्या भिंतीवर पाणी मार. आठवडाभर फाउंड्रीत आणि सुट्टीला चिरे, विचार करा. फुकटात घर मिळालं असं जे लोक कट्ट्यावर बसून बोलतात त्यांनी ही वही एकदा बघावी.

बाहेर याला स्वेट इक्विटी म्हणतात. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात 1976 ला हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी सुरू झाली, तिनं ही पद्धत जगभर नेली, भारतातपण 1983 पासनं ती आहे. बिनफायद्याचं कर्ज, घर घेणाऱ्याची अंगमेहनत, आणि परत आलेल्या हप्त्यातनं पुढच्याचं घर. पण खानापुरात हे नवीन काय सांगायचं? भात लावणीला आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही, पैरा तर आपल्याकडं आधीपासनंच चालतो. संस्थेनं तो घराला लावला, एवढंच.

(कागदांचा शॉट. टेबल, फाईल, बहिणीचं बोट ओळीवरनं फिरतंय.)

खरा वेळ गेला तो इथं. जागा गावठाणातली, नावावर अजून आजोबाच. मग वारसा वर्दी, काकांच्या सह्या, त्यातले एक काका गोव्यात कामाला, ते चतुर्थीला येणार तेव्हाच सही, मग ग्रामपंचायतीत पीडीओकडं, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याकडं अर्ज, मोजणी, आणि शेवटी ई-स्वत्तूचा, म्हणजे कर्नाटकातल्या ग्रामपंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचा, फॉर्म 9 आणि फॉर्म 11 हातात आला. सगळं कन्नडात. हा मराठी शाळेत शिकलेला, कन्नड बोलतो झकास, फाउंड्रीत त्याशिवाय चालत नाही, पण सरकारी कन्नड वाचायचं म्हटलं की अडतो. बारकी बहीण वाचून दाखवायची आणि हा समोर बसून ऐकायचा. संस्थेची जी ताई येते तिनं यादी करून दिली होती, कुठला कागद कुठनं, कुणाला भेटायचं, आणि कुणाला चहा पाजायची गरज नाही ते पण.

सरकारी योजना आहेच की. 2016 पासनं प्रधानमंत्री आवास ग्रामीणमध्ये सपाट भागात 1 लाख 20 हजार मिळतात, ते पण बांधकाम पुढं सरकेल तसे टप्प्याटप्प्यानं, आणि घर कमीत कमी 25 चौरस मीटरचं, स्वयंपाकघर धरून. त्यात नाव यायला लागतं, यांचं नव्हतं.

कर्ज मोठं आहे, हप्ते बरीच वर्षं चालणार, आणि भट्टी बंद पडली तर काय याचं उत्तर संस्थेकडं पण नाही.

(आई भिंतीवर पाणी मारतेय. इथं निवेदन नको.)

(चौकट बसवतानाचा शॉट.)

लिंटेलपर्यंत, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत आलंय काम. चौकट फणसाची, जुन्या घरातलीच काढून, रंधा मारून परत लावली. वर कौलं घालायची ठरलीत, स्लॅब पुढं कधीतरी. मिरगाच्या आत छप्पर चढलं पाहिजे, आणि वाशांचं लाकूड अजून गिरणीत पडलंय, तिथला माणूस रोज उद्या म्हणतो. पुढच्या सुट्टीला पोरगा नंदगडला आहे, तिथं यादीतल्या एका बाईचा पाया धरायचाय.