दोन तळी, पंधरा पक्षी

नमस्कार श्रोतेहो.

एखाद्या जंगलात किती प्रजाती आहेत, हे आपण सहज विचारतो. पलीकडच्या जंगलातही त्याच आहेत की निराळ्या, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. निसर्ग राखायचा असेल तर मला हा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो.

१९६० साली रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकी शास्त्रज्ञाने सिस्कियू डोंगरांतल्या वनस्पतींवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. त्यात त्याने विविधतेचे पदर वेगळे केले. एका जागेवरची विविधता ती अल्फा, साऱ्या प्रदेशाची मिळून ती गॅमा, आणि जागेगणिक प्रजाती किती बदलतात ती बीटा. गॅमाला सरासरी अल्फाने भागलं की बीटा मिळते. त्याच्याही आधी, १९०१ मध्ये, आल्प्स आणि जुरा पर्वतांतल्या फुलझाडांची तुलना करताना पॉल जाकार याने दोन याद्यांचं साम्य मोजलं होतं: दोन्हीकडे सापडलेल्या प्रजाती भागिले एकूण प्रजाती. शंभर वर्षं उलटून गेली, तरी हे सूत्र रोज वापरलं जातं.

आता जरा आकडे ऐका. समजा, दोन तळी आहेत. प्रत्येकावर दहा जातींचे पक्षी, त्यांतले पाच दोन्हीकडे. एकूण पक्षी झाले पंधरा, म्हणून साम्य एक तृतीयांश. आता दुसरी जोडी. एका तळ्यावर पंधरा जाती, दुसऱ्यावर पाचच, आणि त्या पाचही पहिल्यावर आहेतच. साम्य पुन्हा एक तृतीयांश! व्हिटेकरची बीटासुद्धा दोन्ही जोड्यांत दीडच येते.

आकडा एकच, पण घडलंय ते अगदी वेगळं. पहिल्या जोडीत एका पक्ष्याची जागा दुसऱ्याने घेतली आहे. दुसरीत नुसते पक्षी कमी झाले आहेत. पहिल्या जोडीतलं कुठलंही तळं बुजवलं तर पाच जाती हातच्या जातात. दुसऱ्या जोडीत मोठं तळं राखलं की सगळ्या पंधरा जाती राहतात. म्हणून हा फरक दोन भागांत फोडून पाहायला हवा, अदलाबदल किती आणि घट किती. आंद्रेस बासेल्गा याने २०१० मध्ये त्याची पद्धत मांडली. संरक्षणाचा निर्णय नुसत्या एका आकड्यावर घेणं मला धोक्याचं वाटतं.

संख्येचंही तसंच. एका जागी एका जातीचे नव्वद आणि दुसरीचे दहा प्राणी, दुसऱ्या जागी नेमकं उलट. यादी पाहिली तर फरक शून्य. ब्रे आणि कर्टिस यांच्या नावाच्या मापाने, जे प्राण्यांची संख्याही धरतं, फरक येतो ०.८.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. बाहेरून आलेल्या त्याच त्या चिवट प्रजाती सगळीकडे पसरल्या, तर प्रत्येक जागेची यादी वाढूही शकते आणि तरी बीटा घसरते. जागा एकमेकींसारख्या होत जातात. फक्त प्रजाती मोजणाऱ्याला ही भरभराटच वाटते.

तुमच्यापैकी कुणी पक्षी, फुलपाखरं, झाडं नोंदवत असाल, तर एवढं करा. प्रत्येक जागेची यादी वेगळी ठेवा, आणि प्रत्येक ठिकाणी सारखाच वेळ द्या. कमी वेळ दिला की दुर्मीळ जाती सुटतात आणि नसलेला फरक दिसू लागतो. याद्या एकदा एकत्र मिसळल्या, की त्यातून गॅमा निघते. बीटा मात्र पुन्हा काढता येत नाही.