पंखा फुल्ल असला तरी हवा तीच!

नमस्कार मंडळी. निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की नाशिकमध्ये सकाळच्या क्लासेसच्या खिडक्या लागतात. आत चाळीस मुलं, आणि त्यातलं एक खोकतंय. बाकीच्यांपैकी किती जणांना लागण होईल? हे गणितानं काढता येतं, आणि प्रत्येक पालकाला ते समजावं असं मला मनापासून वाटतं.

वळवाचा पाऊस आठवा. अंगणात चाळीस फरश्या आहेत आणि थेंबही चाळीसच पडले. प्रत्येक फरशीवर एकेक पडेल का? नाही ना! कुठे दोन-तीन पडतील, आणि साधारण पंधरा फरश्या कोरड्याच राहतील. हवेतल्या जंतूंचंही तसंच आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम वेल्स यांनी या ‘थेंबा’ला, म्हणजे लागण व्हायला पुरेल इतक्या जंतूंच्या मात्रेला, क्वांटम म्हटलं (अनेक असले की क्वांटा). माणशी सरासरी एक क्वांटम श्वासात गेला, तर शंभरातल्या ६३ जणांना लागण होते.

आता ही सरासरी कशी काढायची? आजारी माणूस तासाला किती क्वांटा सोडतो, आपण किती हवा आत घेतो आणि तिथे किती वेळ बसतो, यांचा गुणाकार करायचा. त्याला खोलीत तासाला किती ताजी हवा येते, त्यानं भागायचं. भाजकात ताजी हवा आहे, हे नीट लक्षात ठेवा. छताचा पंखा तीच हवा फिरवतो, त्यामुळे भाजक वाढत नाही. खिडकी उघडली की वाढतो.

समजा, बंद खोलीत सरासरी एक आहे. ताजी हवा दुप्पट केली की सरासरी अर्धी होते, पण लागण ६३ वरून ३९ टक्क्यांवर येते, अर्ध्यावर नाही. चौपट केली, तर २२ टक्के.

संशोधक रायली आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली अमेरिकेतल्या एका शाळेतली गोवराची साथ याच सूत्रानं तपासली. पहिल्या एका मुलीमुळे २८ मुलांना लागण झाली होती, तीही १४ वेगवेगळ्या वर्गांत! हवा यंत्रणेतून परत परत फिरत होती.

सूत्र असं धरतं की जंतू खोलीभर सारखे मिसळलेत. त्यामुळे खोकणाऱ्याच्या शेजारच्या बाकावरचा धोका ते कमीच दाखवतं. तिथे मास्क हवा.

उद्या मुलाला क्लासला सोडायला जाल, तेव्हा दोन मिनिटं आत डोकावा. समोरासमोरच्या दोन खिडक्या वीतभर उघडता येतात का, ते सरांना विचारा. स्वेटर तर मुलांनी घातलेलाच असतो.