सिंधूचा जीव कुणी घेतला?

श्रोतेहो, नमस्कार. आज ‘एकच प्याला’तल्या सिंधूच्या मरणाबद्दल बोलूया. राम गणेश गडकऱ्यांचं हे नाटक गंधर्व नाटक मंडळीनं १९१९ साली रंगमंचावर आणलं, तेव्हा गडकरी हयात नव्हते. बालगंधर्वांची सिंधू त्यांना बघायला मिळालीच नाही.

कथा तुम्हाला पाठच असेल. सिंधूचा नवरा सुधाकर वकील; त्याचा कोर्टात अपमान, वकिलीची सनद रद्द, तळीरामानं पुढं केलेला दारूचा पहिला पेला, आणि शेवटी सुधाकराच्या काठीला बळी पडलेली सिंधू आणि तिचं तान्हं. दोष तळीरामाचा, असं पटकन तोंडात येतं. पण पेला पुढं करणारा वेगळा, उचलणारा वेगळा. उचलणारा वेगळा, हे ध्यानात ठेवा.

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका गावी जत्रेत हे नाटक बसवलं होतं. सगळी पदं घेतली होती बरं का! हल्ली पदं कापून दोन तासांत उरकतात. गुर्लहोसूरला संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले त्या जिल्ह्यात तरी हे शोभत नाही. असो.

तर तळीराम झाला होता गावचा किराणा दुकानदार. सकाळी एक आजी गुळाला आली. पैसे त्याच्या हातात देईना, तागडीच्या पारड्यातच टाकले. तो हसत म्हणाला, “आजी, मी पहिलाच दिलो की ओ! फुडचं त्यो आपणच घेतला.”

“तुझं ऱ्हाऊ दे. तू वंगाळच हैस, ठाव हाय,” म्हणत आजी बाकड्याकडं वळली. तिथं सिंधूचा भाऊ पद्माकर झालेले शाळेतले मास्तर चहा पीत बसले होते.

“आणि तू रे मास्तर? भणीला न्यायला आलतास न्हवं? ती गाणं म्हणून नको म्हटली, आणि तू गेलास माघारी?”

“आजी, नाटकात तसंच लिहिलंय.”

“लिव्हलेलं आसंना! हात धरून वडत न्यायची हुतीस.”

मास्तरांचा चहा बशीतच निवला.

गंमत अशी की, सिंधूच्या त्याच नकाराच्या पदाला, ‘कशि या त्यजू पदाला’ला, रात्री वन्समोअर पडला होता. मरताना फौजदारापुढं सिंधू नवऱ्याला वाचवते, तिथंही टाळ्या. सुधाकराचा मित्र रामलाल तर नुसता उपदेश करत राहतो, त्याला कुणी हिशेबातच धरत नाही.

माझ्या मते सुधाकर पहिला, पद्माकर दुसरा, तळीराम तिसरा. सुधाकर पहिलाच, त्यात सूट नाही. दुकानदाराला हा निकाल सांगितला तेव्हा तो खूश झाला. मास्तर मात्र पुढच्या जत्रेला तळीरामाचं काम मागताहेत.