सेनच्या वळणावर: लेझांदली

(दृश्य: नदीचं वळण, वरून)

पॅरिस सोडल्यावर सेन नदीला समुद्राची घाई नसते. उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडी प्रांताच्या पठारातून ती वेटोळी घेत जाते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला खडूच्या दगडाचे पांढरे कडे, आतल्या अंगाला सपाट गाळाची शेतं. रुआँ शहराच्या अलीकडे अशाच एका वळणावर, उजव्या तीरावर लेझांदली हे छोटं गाव आहे. खरं तर ही दोन गावं. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असतात, तशी थोरली आंदली आतल्या बाजूला आणि धाकटी आंदली अगदी पाण्यालगत.

(दृश्य: कड्यावरचा किल्ला)

धाकटी आंदली वसली ती वरच्या किल्ल्यामुळे. त्याचं नाव शातो गायार. इंग्लंडचा राजा रिचर्ड हा नॉर्मंडीचाही ड्यूक होता, आणि रुआँकडे येणारी ही नदीची वाट त्याला फ्रान्सच्या फिलिप राजापासून राखायची होती. या जागी तटबंदी करायची नाही, असं 1196च्या तहात ठरलं होतं. शिवाय जमीन रुआँच्या आर्चबिशपची. रिचर्डने दोन्ही गोष्टी धाब्यावर बसवल्या. आर्चबिशपने चिडून नॉर्मंडीतले धर्मविधीच बंद पाडले. शेवटी दिएप बंदर वगैरे देऊन त्याची समजूत काढावी लागली. जेमतेम दोन वर्षांत, 1198पर्यंत किल्ला उभा राहिला. नदीतल्या बेटावर वेगळी गढी बांधली आणि पात्रात खांब रोवून नावांची वाट अडवली.

(दृश्य: सर्वांत आतला तट, जवळून)

हा तट नीट पाहा. भिंत सपाट नाही, अर्धगोल फुगवटे एकाला एक चिकटून उभे आहेत. फेकलेला धोंडा अशा भिंतीवर सरळ बसत नाही, घसरतो.

1199 मध्ये रिचर्ड मेला, गादीवर भाऊ जॉन आला. 1203 मध्ये फिलिपने वेढा घातला. धाकटी आंदली त्याच्या हाती पडली आणि तिथले लोक जीव मुठीत धरून वर किल्ल्यात शिरले. किल्लेदार होता रॉजर द लेसी. धान्य मोजकं, खाणारी तोंडं भरमसाट. त्याने या लोकांना टप्प्याटप्प्याने बाहेर काढलं. पहिल्या दोन तुकड्यांना फिलिपच्या सैनिकांनी वाट दिली. मग फिलिपचा हुकूम आला: आता एकालाही सोडू नका. पुढच्या तुकडीवर बाण सुटले. ते मागे वळले, तर किल्ल्याचं दार बंद. ऐन हिवाळ्यात ही माणसं तट आणि वेढा यांच्या मधल्या उतारावर अडकली. गवत खाल्लं, कुत्री खाल्ली. शेवटी फिलिपनेच त्यांना सोडवलं, तोवर कित्येक मेले होते. फिलिपच्या पदरी असलेल्या गियोम ल ब्रेताँ या पुरोहिताने हे लिहून ठेवलंय.

शेवटी फिलिपचे सैनिक संडासाच्या भोकातून किल्ल्यात शिरले, ही कथा लोकांना फार आवडते. वाट बहुधा प्रार्थनागृहाच्या खिडकीतून मिळाली असावी. ते काहीही असो, माझ्या मते या किल्ल्यात पाहायची जागा म्हणजे तो उतार.

6 मार्च 1204 रोजी किल्ला पडला, जूनमध्ये रुआँ गेलं आणि नॉर्मंडी फ्रान्सची झाली. पुढे फ्रान्सच्या चौथ्या हेन्री राजाने किल्ला पाडायला लावला. त्याचे दगड मठांच्या बांधकामात गेले.

(दृश्य: थोरली आंदली)

थोरल्या आंदलीत नोत्र-दाम चर्च आहे आणि फ्रँक राजा क्लोव्हिसची राणी क्लोतिल्द हिच्या नावाचा झरा. तिने इथल्या मठाच्या बांधकामावरच्या मजुरांसाठी त्याच्या पाण्याची वाइन केली म्हणतात! बाकी जुनी घरं फारशी दिसणार नाहीत. जून 1940च्या बॉम्बहल्ल्यात गावाचा बराच भाग गेला. चित्रकार निकोला पुसाँ 1594 मध्ये इथे जवळच जन्मला. त्याच्या नावाचं संग्रहालय गावात आहे.

(दृश्य: नदीकाठ, धाकटी आंदली)

1886च्या उन्हाळ्यात चित्रकार पोल सिन्याकने हा काठ रंगाच्या ठिपक्याठिपक्यांनी रंगवला. आणि 1753 मध्ये या गावात जन्मलेला ज्याँ-पियेर ब्लाँशार नदीच्या नव्हे, हवेच्या वाटेला लागला. 7 जानेवारी 1785 रोजी जॉन जेफ्रीस या डॉक्टरसोबत तो बलूनमधून इंग्लंडच्या डोव्हरहून निघाला. इंग्लिश खाडीवर बलून खाली येऊ लागला, तसं दोघांनी सामान समुद्रात फेकलं, मग अंगावरचे कपडेही. फ्रान्सच्या जमिनीवर उतरले तेव्हा दोघंही थंडीने काकडत होते.