परिपत्रक वाचता आलं पाहिजे

(दृश्य: ठाणे स्टेशन, सकाळची गर्दी)

ठाण्याचा नऊ-दहा नंबरचा प्लॅटफॉर्म. नवी मुंबईला जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलला सकाळी अशी गर्दी असते की पांढरी काठी पुढे टेकायलाही जागा मिळत नाही. मॅडम ती अंगालगत उभी धरतात. दिव्यांगांचा डबा कुठे थांबतो, ते त्यांच्या पावलांना पाठ आहे. ऐरोली, रबाळे, घणसोली... उद्घोषणा ऐकत त्या नवी मुंबईत उतरतात. तिथल्या एका अनुदानित कॉलेजात त्या अर्थशास्त्र शिकवतात. त्यांना दिसत नाही.

(दृश्य: स्टाफरूम, लॅपटॉप, हेडफोन काढलेला)

हा आवाज ऐका. आपल्याला नुसती कलकल वाटते. हा एनव्हीडीए, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा, मोफत मिळणारा प्रोग्रॅम. शेजारच्या टेबलावरच्या सरांना यातलं अक्षर कळत नाही. मॅडम याच वेगाने लेख वाचतात, हजेरी भरतात, प्रश्नपत्रिका काढतात.

आता हे परिपत्रक. सकाळीच ग्रुपवर आलंय. ऑफिसात ते संगणकावरच टाइप झालं होतं. मग छापलं, सही झाली, शिक्का बसला आणि स्कॅन करून पाठवलं. स्कॅन केलं की मजकुराचा फोटो होतो, आणि फोटोपुढे एनव्हीडीए गप्प. अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर लावलं तर परिच्छेद बऱ्यापैकी निघतात, पण तक्ता विस्कटतो. कुठली तारीख कुठल्या वर्गाची, पत्ता लागत नाही.

मूळ फाइल मागितली तरी सुटका नाही. कित्येक ऑफिसांत मराठी अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप होते. पडद्यावर ‘परीक्षा’ दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. एनव्हीडीए तीच वाचतो. ऐका.

(आवाज: निरर्थक अक्षरं)

आणि ही तीच ओळ, युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत.

(आवाज: स्वच्छ मराठी वाक्य)

यासाठी नवं यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. टाइप करणाऱ्याच्या बोटांना सवय व्हायला वेळ लागतो, हे खरं. पण हे दादा बघा, आमच्यासमोर त्यांनी युनिकोड सुरू केलं आणि पहिलं पत्र मॅडमनाच पाठवलं.

(दृश्य: उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, वाचून दाखवणारी तरुणी)

हाताने लिहिलेल्या उत्तरपत्रिकांना मात्र माणूसच लागतो. ही वाचते, मॅडम गुण देतात. हिचं मानधन मॅडम स्वतःच्या पगारातून देतात, आणि ते आम्हाला पटत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात नोकरीत 4 टक्के आरक्षण आहे. पण कायदा नेमणुकीपाशी थांबत नाही. कलम 20 सांगतं, कर्मचाऱ्याला कामासाठी वाजवी सोयी सरकारी आस्थापनेने द्यायच्या. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थाही त्यात येतात.

बढतीसाठी लागणारं एक प्रशिक्षण अशाच स्कॅन केलेल्या परिपत्रकामुळे हुकलं. बढती लांबली.

(दृश्य: मॅडम अर्ज टाइप करताना)

कलम 23 प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. मॅडमचा अर्ज त्याच्याकडे जातोय. मागण्या दोन: प्रत्येक परिपत्रकाची युनिकोड प्रत, आणि वाचकाचं मानधन कॉलेजकडून.