आधी लिहा, मग बघा

(विज्ञान शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेलं व्याख्यान, थोड्या संपादनासह)

नमस्कार मंडळी. बोलायला लागण्याआधी एक काम करूया. प्रत्येकाने कागदाचा एक चिटोरा घ्या. आपल्या फोनमध्ये त्वरण मोजणारा एक संवेदक असतो. फोन आडवा धरला की चित्रही आडवं होतं, ते त्याच्याच जोरावर. फोन टेबलावर स्वस्थ पडलेला असताना हा संवेदक ९.८ च्या आसपास आकडा दाखवतो. आता समजा मी हा फोन सरळ वर उडवला आणि तो खाली उशीवर पडला. वर जाताना आकडा काय असेल? अगदी माथ्यावर, जिथे तो क्षणभर थांबतो, तिथे काय असेल? आणि खाली येताना? तीन आकडे लिहा. नाव घालू नका. घडी करून खिशात ठेवा. शेवटी उघडू.

आता विषयाकडे. भौतिकशास्त्र शिकवायला इंटरनेटवर काय काय आहे, ते सांगा, असं मला आयोजकांनी सांगितलं. काय काय आहे ते सांगेनच. पण तीस वर्षं तालुक्याच्या गावी शिकवल्यावर माझं असं ठाम मत झालंय की साधन कोणतं, यापेक्षा ते उघडण्याच्या आधीची तीन मिनिटं जास्त महत्त्वाची. मघाशी तुम्ही जे लिहिलंत ना, तीच ती तीन मिनिटं.

हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. हार्वर्डमध्ये एरिक माझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्गात दाखवल्या जाणाऱ्या प्रयोगांचा अभ्यास केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांनी प्रयोग नुसता बघितला, काहींनी आधी ‘काय होईल’ ते नोंदवलं आणि मग बघितला, काहींनी बघितलाच नाही. नुसता बघणाऱ्यांना न बघणाऱ्यांपेक्षा विशेष काही जास्त समजलेलं नव्हतं. आधी अंदाज नोंदवणाऱ्यांना मात्र त्यांच्यापेक्षा जास्त समजलं होतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला झोप लागली नाही. किती वर्षं मी टेबलामागे उभा राहून प्रयोग ‘दाखवत’ आलो होतो! मुलं खूश व्हायची, मीही खूश व्हायचो.

व्हिडिओंचीही तीच गत. व्हेरिटासियम हे यूट्यूब चॅनल चालवणारे डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात याच विषयावर पीएच.डी. केली, २००८ मध्ये. स्वच्छ, मुद्देसूद समजावून सांगणारा व्हिडिओ बघून मुलांचा आत्मविश्वास वाढतो, पण डोक्यातली जुनी चुकीची समजूत जागची हलत नाही. उलट ज्या व्हिडिओत ती चुकीची समजूत आधी कोणीतरी बोलून दाखवतं आणि मग तिची उलटतपासणी होते, तो मुलांना गोंधळात टाकणारा वाटतो, पण त्यातूनच ती जास्त शिकतात. म्हणून ‘सर, त्या व्हिडिओत एकदम सोपं करून सांगितलंय’ असं कोणी म्हणालं की मी त्याला बसवतो आणि विचारतो, बघण्याआधी तुला काय वाटत होतं? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘काहीच नाही, नुसतं लावलं.’

आमच्याकडचं एक उदाहरण सांगतो. आमचा भाग कालव्याचा. पाळीपाळीने पाणी सुटतं आणि शेपटाकडच्या शेताला पोचेपर्यंत निम्मं झालेलं असतं. या मुलांना मी विचारतो, एक बॅटरी, एकापुढे एक दोन सारखे बल्ब. कोणता जास्त उजळेल? वर्गातली बहुतेक मुलं सांगतात, पहिला. का? ‘पहिला वीज खातो, उरेल ती दुसऱ्याला.’ मुलं मूर्ख आहेत म्हणून असं म्हणत नाहीत. त्यांनी डोळ्यांनी शेपटाचं शेत बघितलंय. पुस्तकातलं ‘एकसर जोडणीत विद्युतधारा सर्वत्र समान असते’ हे वाक्य पाठ असूनही कालवा डोक्यात वाहतच राहतो.

इथे मी फेट उघडतो. फेट म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातला, बोल्डरचा प्रकल्प. २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं, त्या कार्ल वायमन यांनी पारितोषिकाच्या रकमेतला काही भाग घालून तो २००२ मध्ये सुरू केला. इतक्या मोठ्या संशोधकाला पुढचं काम म्हणून शिकवण्याचा प्रश्न घ्यावासा वाटला, याचं मला फार मोल वाटतं. तर फेटवर विद्युत परिपथ जोडायचं एक सिम्युलेशन आहे. ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचे दोन बल्ब, तारा ओढून जोडायच्या. प्ले करण्याआधी प्रत्येक जोडीने वहीत लिहायचं: अॅमीटर बॅटरीजवळ लावला तर किती, दोन बल्बच्या मध्ये लावला तर किती, शेवटी लावला तर किती. कोणी ०.९, ०.६, ०.३ असं उतरतं लिहितं. मग लावून बघायचं. तिन्ही ठिकाणी ०.४५. त्या वेळी वर्गात जी शांतता पसरते, तिच्यासाठी मी शिकवतो. मग एखादा मागून विचारतो, ‘सर, मग बल्ब खातो काय?’ खरा धडा तिथून पुढे सुरू होतो. विभवांतर आणि ऊर्जा हे शब्द आता त्यांना हवे असतात.

फेटची एक गोष्ट खेड्यातल्या शिक्षकांसाठी मुद्दाम सांगतो. बरीचशी सिम्युलेशन्स एकेका फाइलच्या रूपात उतरवून घेता येतात. ती फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, शाळेच्या संगणकावर टाका, साध्या ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते. त्यामुळे ‘रेंज नाही’ ही अडचण इथे येत नाही.

आता मला सगळ्यात जवळचं वाटणारं साधन, ज्याला पडद्यापेक्षा वर्गातली हवा जास्त लागते. फायफॉक्स. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्र विद्यापीठाने २०१६ मध्ये काढलेलं फुकट अॅप. फोनमधला माइक, त्वरणमापक, चुंबकमापक हे सगळं ते प्रयोगशाळेच्या उपकरणासारखं वापरू देतं. एकदा टाकलं की तेही नेट मागत नाही. मी पूर्वी एका ठिकाणी शिकवत होतो, तिथे ८० मुलांत पाच स्टॉपवॉच होती, त्यातली दोन बंद. मुक्त पतनाचा प्रयोग आम्ही फळ्यावर उरकायचो. तशीही स्टॉपवॉचने तो होत नाहीच. सव्वा मीटरवरून वस्तू अर्ध्या सेकंदात खाली येते आणि बोट दाबायला लागणारा वेळच ०.२ सेकंदाच्या आसपास.

फायफॉक्समध्ये आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे. पहिला आवाज झाला की चालू, दुसरा झाला की बंद. एक फुगा घ्यायचा, त्याच्या बुडाला आखूड दोऱ्याने जड नट बांधायचा, खाली डब्याचं झाकण उलटं ठेवायचं. नटाच्या बुडापासून झाकणापर्यंत उंची मोजायची, आम्ही १.२५ मीटर ठेवतो. टाचणीने फुगा फोडला की फट्ट, आणि नट झाकणावर पडला की ठण्ण. मधला वेळ फोनवर, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग, की गुरुत्व त्वरण हातात.

पहिल्या वर्षी पाच वेळा फुगे फोडले. सरासरी ०.५०२ सेकंद. २.५ भागिले ०.५०२ चा वर्ग, ९.९२. मी म्हणालो, छान, पुस्तकातल्या ९.८ च्या जवळ आलो, आणि फळा पुसायला वळलो. दुसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘सर, पाचही वेळा जास्तच कसं आलं? एखाद्या वेळी तरी कमी यायला पाहिजे ना?’

मी खडू खाली ठेवला. पुढचा अख्खा तास आम्ही त्याच प्रश्नावर घालवला. कोणी म्हणालं उंची चुकली, ती पुन्हा मोजली. कोणी म्हणालं हवेचा विरोध. पण हवेने वेळ वाढेल, आपला तर कमी आलाय. शेवटी तिनेच विचारलं, ‘फोन कुठे ठेवलाय?’ फोन होता खाली, झाकणाशेजारी. ठण्ण आवाज त्याला लगेच ऐकू येतो, पण फट्ट आवाजाला वरून खाली यायला सव्वा मीटरचा प्रवास आहे. सेकंदाला साधारण ३४० मीटर वेगाने त्याला साडेतीन मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो. म्हणजे घड्याळ उशिरा सुरू होतंय! आम्ही स्टूल आणलं आणि फोन फुग्यापासून आणि झाकणापासून सारख्या अंतरावर ठेवला. पुन्हा पाच फुगे. सरासरी ०.५०६, उत्तर ९.७६. आपल्या अक्षांशावर खरा आकडा ९.७८ च्या आसपास आहे. चार मिलिसेकंदांची चूक अकरावीच्या मुलीने पकडली, तीही पाच रुपयांच्या फुग्यांवर. प्रयोगवहीत ‘त्रुटींची कारणे’ या मथळ्याखाली आपण वर्षानुवर्षं जे तेच ते उतरवून घेतो, त्याच्या जागी तिने स्वतःचा परिच्छेद लिहिला. ती वही मी मागून घेतली आहे.

एक खबरदारी. स्वस्तातल्या फोनमध्ये सगळे संवेदक नसतात. वायुदाबमापक तर थोड्याच फोनमध्ये असतो. माइक आणि त्वरणमापक मात्र जवळपास प्रत्येकात असतातच. चार मुलांत एक फोन पुरे, उलट एकच असला की बोलणं जास्त होतं.

आणि सिम्युलेशनमध्ये सेल उतरत नाही, तार सैल होत नाही, हेही मुलांना कळलं पाहिजे. म्हणून पडद्यावरचा परिपथ झाला की त्याच आठवड्यात मी अरविंद गुप्तांची छोटी मोटर करायला देतो. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी जी खेळणी घडवली, त्यांची चित्रं, फिल्म्स आणि शेकडो पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, मराठीतही पुष्कळ. एक सेल, दोन सेफ्टी पिना, रबराची पट्टी, चुंबक आणि इनॅमलच्या तारेचं वेटोळं. तारेच्या एका टोकावरचं इनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्या टोकावरचं फक्त अर्ध्या बाजूचं. निम्म्या मुलांची मोटर फिरत नाही, कारण त्यांनी दोन्ही टोकं हौसेने लख्ख केलेली असतात. का फिरत नाही, हे मी सांगत नाही. ते शोधण्यात दिशापरिवर्तक (कम्युटेटर) म्हणजे काय ते आपसूक कळतं.

आता भाषेचं बोलतो, कारण ते मला आतून टोचतं. आपला मुलगा दहावीपर्यंत त्वरण, संवेग, विभवांतर शिकतो. अकरावीला विज्ञान शाखेत गेला की सगळं एका रात्रीत इंग्रजीत. एक हुशार मुलगा मला म्हणाला होता, ‘सर, अॅक्सिलरेशन म्हणजे आपलं त्वरणच, हे मला दिवाळीनंतर कळलं.’ तोपर्यंत त्याला वाटत होतं की हा विषयच वेगळा आहे. चार महिने गेले त्याचे. आणि इंटरनेटवर गेलं तर व्हिडिओ हिंदी नाहीतर इंग्रजी.

यावर मी एक साधी गोष्ट करतो. फेटची कितीतरी सिम्युलेशन्स मराठीत आहेत, जगभरातले स्वयंसेवक भाषांतरं करतात. एकच सिम्युलेशन आज मराठीत उघडायचं, परवा इंग्रजीत. चित्र तेच, बाण तोच, फक्त त्याच्यावरचं नाव बदललं. मुलं स्वतःच दोन रकान्यांची यादी करतात. काही मराठी नावं अडखळवणारी आहेत, ती सुधारणं आपल्याच हातात आहे. इथे बसलेल्यांपैकी दहा जणांनी वर्षाला एकेक सिम्युलेशन नीट मराठीत आणलं तरी पुढच्या मुलांचे चार महिने वाचतील. अडलं तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, भौतिकीवरच्या त्यातल्या नोंदी घाईघाईत लिहिलेल्या नाहीत. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही नेटवर बघायला मिळतात.

बाकीचं भराभर सांगतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, जुनी पुस्तकं हरवलेल्यांना ती द्या. अमृता विद्यापीठ आणि सी-डॅक यांच्या ओलॅब्ज या ऑनलाइन प्रयोगशाळेत शालेय प्रयोग आहेत, काही मराठीतही. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी उजळणीला बरे, प्रयोगाच्या बदली नाहीत. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर ऑलिम्पियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका आहेत. वर्गातल्या त्या एकदोन मुलांना, जी तुमच्या पुढे धावतात, त्या नक्की द्या. बी.एस्सी.च्या मुलांना एनपीटीईएल, म्हणजे आयआयटींच्या प्राध्यापकांची ऑनलाइन व्याख्यानं. आणि तुमच्या स्वतःसाठी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांची १९६१ ते ६३ मधली व्याख्यानं, अमेरिकेतल्या कॅलटेक या त्यांच्या विद्यापीठाने २०१३ पासून ती सगळ्यांना वाचायला खुली केली आहेत. रोज दोन पानं वाचा. शिक्षकाचं स्वतःचं शिकणं थांबलं की पुढचं सगळं यांत्रिक होतं.

चला, ती उशी इकडे द्या. फायफॉक्समध्ये ‘जीसह त्वरण’ निवडलंय, पडद्यावर आलेख दिसतोय सगळ्यांना? फोन टेबलावर आहे, रेषा ९.८ वर. खिशातले चिटोरे काढा, पण खोडायचं नाही. फोन फिरू न देता सरळ उडवतो.

पुन्हा बघायचंय? हे घ्या, पुन्हा. हाताने ढकलताना रेषा उंच गेली, हात सुटला तशी खाली कोसळली. वर जाताना शून्याला टेकलेली, माथ्यावर शून्याला टेकलेली, खाली येताना तशीच. मग उशीवर उसळी.

किती जणांचे तिन्ही आकडे बरोबर आले? सात. बाकीच्यांनी वाईट वाटून घेऊ नका, मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा माझंही चुकलं होतं. आता अडचण बघा. उडताना फोनचं त्वरण ९.८ आहे, हे आपण दर वर्षी शिकवतो आणि ते खरंच आहे. टेबलावर ते शून्य आहे. संवेदक बरोबर उलट सांगतोय, आणि तो बिघडलेला नाही. एवढंच सांगतो की त्याच्या आत केसाहून बारीक सिलिकॉनच्या स्प्रिंगांवर एक छोटंसं वस्तुमान बसवलेलं असतं आणि ते किती सरकलं तेवढंच त्याला कळतं. फोन टेबलावर असताना त्या वस्तुमानाला कोणी धरून ठेवलंय, आणि फोन हवेत असताना कोण धरतंय? शेजारच्याकडे वळा. पाच मिनिटं आहेत.